७९२ वरचं पुणे केंद्र हिवाळ्यात सकाळी का बुडतं?

माणकाठ:
ठिकाण दहिवडी, जि. सातारा. आकाशवाणी पुणे, मध्यम लहरी, ७९२ किलोहर्ट्झ. मे महिन्यात सकाळी ७:०५ च्या प्रादेशिक बातम्या खणखणीत लागतात. डिसेंबर-जानेवारीत त्याच बातम्या थोडा वेळ नीट, मग आवाज चिरकतो, बुडतो, पुन्हा वर येतो. नऊनंतर सगळं सुरळीत. रेडिओ सेलवरचा, आतली फेराइटची (लोहचुंबकीय पदार्थाची) दांडी हीच अँटेना. दोष रेडिओत की केंद्राच्या मास्टकडे, म्हणजे प्रक्षेपणाच्या उंच मनोऱ्याकडे? छपरावर लांब तार ताणली तर फरक पडेल का?

भूलहर:
दोष कुठेच नाही, अंतर तसं आहे. दहिवडी पुण्यापासून सरळ रेषेत ११५-१२० किमी. एवढ्यावर मास्टची लहर दोन वाटांनी येते, एक जमिनीला धरून आणि दुसरी आकाशातून परतून. दिवसा ६० ते ९० किमी उंचीवरचा डी थर (सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेल्या हवेचा थर) आकाशातली लहर शोषतो, म्हणून जमिनीवरची एकटीच पोचते. रात्री हा थर विरतो आणि १०० किमीच्या आसपासच्या ई या तशाच दुसऱ्या थरावरून लहर खाली परतते. दोन्ही साधारण सारख्या ताकदीच्या झाल्या की कधी एकमेकींत मिसळून वाढतात, कधी एकमेकींना मारतात.

मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे ७:०५ पर्यंत डी थर तयार असतो. जानेवारीत सूर्योदयच सातच्या पुढेमागे. बातम्यांची वेळ तीच, आकाश मात्र अजून रात्रीचं. फलटणला हा त्रास कमी, कारण तिथे जमिनीवरची लहर बरीच जोरकस असते.

चिरकण्याचं कारण वेगळं. वाहक लहर (केंद्राची मूळ लहर) बाजूपट्ट्यांपेक्षा, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या आवाज वाहणाऱ्या भागांपेक्षा, जास्त बुडाली की लहरीतून आवाज वेगळा काढणारा साधा डायोड डिटेक्टर गोंधळतो. तिथे आवाजाचं बटण फिरवून काही होत नाही. सिंक्रोनस डिटेक्शनचा, म्हणजे वाहक लहर स्वतः आत तयार करणारा रेडिओ असेल तर चिरकणं बरंच कमी होतं.

फेराइट:
लांब तार नको. ती घरातली सगळी खरखर गोळा करते. आधी फुकटचे दोन उपाय करा. दहिवडीहून पुणे वायव्येला, म्हणून रेडिओ असा फिरवा की आतली दांडी ईशान्य-नैऋत्य पडेल. दांडीच्या टोकाकडून जवळजवळ काहीच येत नाही, आडव्या बाजूने सगळ्यात जास्त येतं. मग घराचा मेन स्विच पाडून ऐका. खरखर गेली तर एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर एकेक करून शोधा. सेकंदाला एक ‘टक्’ येत असेल तर शेताच्या कुंपणाचं झटका मशीन. कुंपणाच्या तारेला गवत टेकलं असेल किंवा जोड सैल असेल तर तिथे ठिणगी पडते आणि ती दूरवर ऐकू येते.

पुढची पायरी लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांची वेगळी अँटेना. ६० सेमी बाजूची लाकडी चौकट, त्यावर ५ मिमी अंतराने १२ वेढे, म्हणजे सुमारे ३० मीटर इन्सुलेटेड तार. दोन टोकांना जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (केंद्र लावायला फिरवतात तो). लूप साधारण २०० मायक्रोहेन्रीचा होतो आणि ७९२ ला कंडेन्सर २०० पिकोफॅरडच्या आसपास लागतो. रेडिओला काही जोडायचं नाही, दांडी लूपच्या वेढ्यांना काटकोनात ठेवून जवळ धरायची आणि गँग फिरवत आवाज वर काढायचा.

एटीयू_हट:
लूपबद्दल एक दुरुस्ती. खरखर आणि दुसऱ्या दिशेचं केंद्र त्याने मागे पडतं, पण इथे दोन्ही लहरी पुण्याकडूनच येतात. वरची सुमारे ६० अंशांतून उतरते एवढाच फरक, त्यामुळे बुडणं राहणारच.

ते आवरायचं तर केंद्राच्या मास्टच्या उंचीनेच. मध्यम लहरीत अख्खा लोखंडी मास्ट अँटेना असतो, म्हणून तो तळाशी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा करतात आणि त्याला धरून ठेवणाऱ्या ताणतारांतही इन्सुलेटर घालतात. ७९२ ची तरंगलांबी ३७८.५ मीटर, म्हणजे पाव लहरीचा मास्ट साधारण ९५ मीटर. असा मास्ट ६० अंशांतही जमिनीलगतच्या मानाने ४० टक्क्यांवर क्षेत्रबल (लहरीचा जोर) फेकतो. ०.५३ लहरीचा, म्हणजे २०० मीटरचा केला तर त्या कोनात जवळपास शून्य. पण एवढ्या उंचीचा पाया, ताणतारा आणि जागा यांचा खर्च फार.

माणकाठ:
मग मास्टखाली तांब्याच्या तारा पुरतात त्या कशाला?

एटीयू_हट:
परतीच्या प्रवाहासाठी. चांगल्या बांधणीत तळापासून चहूकडे १२० तारा, प्रत्येक पाव लहर लांब, वीतभर खोल. नांगराने तुटल्या किंवा चोरीला गेल्या की शक्ती मातीत तापून जाते. ट्रान्समीटरचा मीटर पूर्ण शक्ती दाखवतो आणि दूरच्या गावात केंद्र मंद लागतं. अशा वेळी तळाचा रोध मोजतात, तो मूळ नोंदीपेक्षा वाढलेला सापडतो.

पाव लहरीच्या मास्टला १०० किलोवॅट दिले तर तळाशी ५० अँपिअरच्या वर प्रवाह जातो. म्हणून तिथे कुंपण असतं आणि वरच्या लाल दिव्यांची वीजही साध्या तारेने नेता येत नाही, मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा चोक लागतो. पावसाळ्यात वीज कडाडताना केंद्र क्षणभर गप्प होतं, तेव्हा मास्टच्या तळाशी विजेपासून बचावासाठी समोरासमोर बसवलेल्या धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पडलेली असते आणि ती विझावी म्हणून ट्रान्समीटर स्वतः शक्ती तोडतो.

फेराइट:
माणकाठ, जानेवारीत सकाळसाठी मोबाइलवर आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप ठेवा. आणि लूप केलात तर नऊनंतर, केंद्र स्थिर असताना गँगची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. बुडत्या आवाजावर ट्यून करू गेलात तर चुकीच्या जागी अडकाल.