ठिबकची एकरं मोजून उजनीचं पाणी वाचतं का?

भीमाकाठ: शाश्वत विकासाची १७ ध्येयं २०१५ साली ठरली, मुदत २०३०. सहाव्या ध्येयातलं ६.४ हे लक्ष्य पाणी काटकसरीनं वापरण्याचं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात त्याचा हिशेब 'किती एकरांवर ठिबक' असा मांडला जातो, माझा आक्षेप त्यालाच आहे. पाटानं दिलं तर एकरभर उसाला वर्षाला साधारण १ कोटी लिटर लागतं, ठिबकवर निम्म्याच्या आसपास. पण वाचलेलं पाणी उजनी धरणात परत जात नाही, शेजारच्या तुकड्यात नवा ऊस उभा राहतो. उपसा तेवढाच. अनुदान देताना उसाचं क्षेत्र गोठवा आणि चारीच्या (कालव्यातून शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटाच्या) तोंडाशी पाणी मोजून द्या.

मोहोळकर: क्षेत्र गोठवा म्हणणं सोपं आहे ओ. उसाला एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) कायद्यानं आहे, १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधनही आहे (पाळलं जातं का, हा वेगळा विषय). ज्वारीला तसा आधार दाखवा, मग बोलू.
ठिबक बंद का पडतं तेही बघा. कालव्याचं आवर्तन ठरावीक दिवसांनी येतं, ठिबकला पाणी रोज लागतं. भर उन्हाळ्यात एकरी दिवसाला २५ हजार लिटर धरा. महिनाभराचे साडेसात लाख लिटर साठवायला अस्तराचं शेततळं पाहिजे. ते नसलं की बोअरचं जड पाणी, आणि ड्रिपरमध्ये (थेंब सोडणाऱ्या तोट्यांत) क्षार. पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास येईल इतकं आम्ल सोडून, रात्रभर ठेवून, सकाळी लॅटरलची (ओळीतल्या नळ्यांची) टोकं उघडून धुतली नाहीत तर ओळीच्या टोकाचा ऊस सुकतो. मग नळ्या गुंडाळून बांधावर, आणि पाणी पुन्हा पाटानं. कागदावर मात्र एकर ठिबकचाच.

कोरडवाहू: दोघंही उसातच अडकलात. ६.४.१ हा निर्देशक एक घनमीटर पाण्यामागे किती डॉलरची मूल्यवृद्धी झाली ते मोजतो, आणि शेतीत फक्त ओलिताचं उत्पन्न धरतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, धरणाचा थेंब न घेता धान्य आणि कडबा देते, आणि या हिशेबात तिची किंमत शून्य!

मोहोळकर: निर्देशक उपसलेल्या पाण्याचा आहे, त्यात पावसावरचं पीक कसं धरणार? आणि मालदांडीला खोल काळी जमीन लागते. मुरमाड माळावर ओल टिकतच नाही.

कोरडवाहू: माळावर लावा असं म्हणतच नाही. आज काळ्या रानातही ऊसच आहे, प्रश्न तिथला आहे.

भीमाकाठ: शेततळ्याचा मुद्दा मान्य, अनुदान आधी त्याला द्यावं. पण ६.४.१ एकटा वाचू नका. ६.४.२ विचारतो की नदीसाठी राखायचं पाणी वजा करून उरलेल्यातलं किती उपसलं. ठिबकनं पहिला आकडा सुधारतो, दुसरा हलत नाही. माणशी १३५ लिटर धरलं तर १० लाखांच्या सोलापूर शहराला वर्षभर पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट) पुरतं. पाटावरचा पाच हजार एकर ऊस तेवढंच पितो.

मोहोळकर: मग मीटर शेतकऱ्याच्या चारीवरच कशाला, नदीकाठच्या प्रत्येक उपसा मोटारीवरही बसवा. आधी तिथून सुरुवात करा.