जुनं सागवानी दार तिरक्या चौकटीत कसं बसवायचं? मदत हवी आहे

पाडकामातून एक जुनं सागवानी दार मिळालंय, खूप सुंदर आहे, कडीजवळ हात लागून लागून लाकूड अगदी गुळगुळीत झालंय, ते आमच्या जुन्या घरात बसवायचंय. पण चौकट काटकोनात नाही, डावीकडे उंची ७७ इंच तर उजवीकडे साडेशहात्तर, आणि दार आहे ७८. सगळं खालूनच कापलं तर खालच्या आडव्या पट्टीचा सांधा कमजोर होईल अशी भीती वाटतेय, वरून-खालून थोडं थोडं घ्यावं का? बिजागरीची जुनी भोकं पण सैल झालीत, त्यात लाकडी खुंट्या फेविकॉल लावून ठोकल्या तर नवे स्क्रू धरतील ना? दार जड आहे म्हणून ३ बिजागऱ्या लावणार आहे. पावसाळ्यात फुगेल त्यासाठी फट किती ठेवू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, एकदा कापलं की परत जोडता येणार नाही.