तीन वर्षं पड टाकलेलं वरकस: औंदा नाचणी घ्यावी का?

डोंगरउतार: वेल्ह्याकडे माझं 20 गुंठे वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन) आहे. नाचणी, वरी, कारळा असा फेर संपल्यावर तीन वर्षं पड. ऐन-किंजळ या रानझाडांच्या पाल्याचा खच आहे, पण मागच्या वर्षीचं पान अजून अख्खं हाताला लागतं. कुजायला किती वेळ लागतो? जमीन सावरली हे कशावरून ओळखायचं?

पालापाचोळा: वजन करून बघा. 2 मिमी भोकांच्या नायलॉन जाळीच्या 20 बाय 20 सेंमीच्या 12 पिशव्या शिवा, प्रत्येकीत 10 ग्रॅम सुका पाला. पावसाआधी जमिनीला टेकवून खुंटीने पक्क्या करा. एक, दोन, चार, सहा महिन्यांनी तीन-तीन उचला, चिकटलेली माती हलक्या हाताने धुवा, 65 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून मोजा. 4 ग्रॅम उरला तर 60 टक्के गेला. पण हाच दर वर्षभराला लावू नका, दिवाळीनंतर ओल गेली की कुजणं जवळपास थांबतं. आणि मच्छरदाणीचं कापड नकोच. गांडूळ आत शिरत नाही, मग पाला उगाच चिवट ठरतो.

गिरिपुष्प: ऐनात टॅनिन (पानातलं तुरट द्रव्य) भरपूर, म्हणून वेळ लागतो. असा पाला पेरणीच्या तोंडावर गाडलात तर जिवाणू मातीतलंच नत्र (नायट्रोजन) ओढतात, नाचणी पिवळी पडते. वरच पसरू द्या आणि गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया या झाडाचा) कोवळा पाला मिसळा. 100 किलो ओला म्हणजे सुका 20-25 किलो; त्यात 3 टक्के नत्र धरलं तरी पाऊण किलोच. हेक्टरी 60 किलोच्या हिशोबाने तुमच्या 20 गुंठ्यांना 12 लागतं. तेव्हा पाल्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

डोंगरउतार: मग राब भाजला, म्हणजे पाला-फांद्या जमिनीवर पसरून जाळल्या, तर?

पालापाचोळा: रोपाच्या वाफ्यापुरता ठीक. सगळा तुकडा भाजलात तर नत्र आणि गंधक धुरात जातं. पालाश (पोटॅश) आणि चुना राखेत उरतो, तोही उतारावर पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्याला. आधी दगडी ताली (माती अडवणारे बांध) नीट करा.

जमिनीचं म्हणाल तर 8-10 ठिकाणी 15 सेंमीपर्यंत व्ही आकाराचा खड्डा घेऊन माती एकत्र करा, अर्धा किलो तपासायला द्या. झाडाखालची, बांधाची, राबाच्या जागेची माती घेऊ नका. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन) 0.5 टक्क्याखाली असेल तर तो कमी समजा, पड चालू ठेवायचा विचार करा. पण शेजारच्या न मोडलेल्या रानाचाही एक नमुना द्या आणि दोन्ही ताडून बघा, एकट्या आकड्यावरून पुरतं कळत नाही.

गिरिपुष्प: स्फुरद (फॉस्फरस) मात्र पड टाकून फारसा वाढत नाही. तांबड्या आम्ल मातीत लोह-ॲल्युमिनियम तो धरून ठेवतात. म्हणून स्फुरदाचं खत शेणखतात मुरवून ओळीतच द्या, फेकून नको.