त्रिफळ्याच्या गाठी होतात त्याबद्दल

घरचं त्रिफळा चूर्ण (आवळा, हिरडा, बेहडा यांचं) आठवड्यात गाठी धरून गोळा होतं, ते का, असं एकाने विचारलंय. दोष बहुतेक आवळकाठीचा, म्हणजे वाळवलेल्या आवळ्याचा. वरून कडक लागते, आत ओल असते. मोडताना कट्‌ आवाज यायला हवा, नुसती वाकली तर अजून वाळवा. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात दोन दिवस पुरे, पावसाळ्यात मात्र कुटूच नका. इतवारीतून (नागपूरच्या बाजारातून) हिरडा घेताना पाण्यात बुडणारा, भरीव बघा. हिरडा-बेहडा फोडून बिया काढा आणि मगच तोला, कृपया बियांसकट दळू नका, सगळं प्रमाण बिघडतं. तिन्हींची साल प्रत्येकी १०० ग्रॅम, दळून वस्त्रगाळ करून (कापडातून चाळून) कोरड्या काचेच्या बरणीत. रात्री ३ ग्रॅम कोमट पाण्यातून, सकाळी पोट साफ होतं. मुरडा आला तर निम्मं घ्या. गरोदरपणी किंवा जुलाब चालू असताना अजिबात नको.