इच्छा कमी केल्या की सुख वाढतं का?

शेषशून्य (धागाकर्ता)
'गीतारहस्या'च्या पाचव्या प्रकरणात टिळक जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअरचं म्हणणं अपूर्णांकात मांडतात: वर सुखोपभोग, खाली सुखेच्छा. अंश वाढतो, पण छेद त्याहून झपाट्याने वाढतो, म्हणून माणूस दुःखीच. हिशेब पटतो. शंभरातल्या पन्नास इच्छा पुऱ्या झाल्या तर ०.५०, दोनशेतल्या नव्वद झाल्या तर पदरात जास्त पडलं, उत्तर मात्र ०.४५. मग छेदच का छाटू नये? अगदी शून्यापर्यंत?

तळटीप
छेद शून्य केला तर सुख अनंत होत नाही, भागाकारच निरर्थक ठरतो. मुळात सुख म्हणजे इच्छापूर्ती, हे या अपूर्णांकाने गृहीत धरलंय. ध्यानीमनी नसताना कानावर एखादा सूर पडतो आणि बरं वाटतं. ते सुख छेदात कुठे मांडणार? सुख म्हणजे निव्वळ दुःखाचा अभाव, हे मत टिळकही मान्य करत नाहीत.

शिवाय त्यांचा रोख इच्छा छाटण्यावर नाहीच, फलाशा सोडण्यावर आहे. करून बघायचं तर काम हाती घेताना दोन ओळी वेगवेगळ्या लिहा: मी काय करणार, आणि त्यातून मला काय मिळालंच पाहिजे. अभ्यास पहिल्या ओळीत, गुणवत्ता यादीतलं नाव दुसरीत. सोडायची ती दुसरी. बहुतेक जण पहिली ढिली करतात आणि तिला निष्कामता म्हणतात. गीतेच्या २.४७ चा पहिला चरण सगळ्यांना पाठ असतो. शेवटचा 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' (कर्म न करण्याची ओढ नको) नेमका यासाठीच आहे.

उंबरातळी
छाटण्यात आणखी एक फसगत आहे. पतंजलीच्या योगसूत्र २.४ मध्ये क्लेशाच्या (आसक्ती, द्वेष असे मनाला छळणारे दोष) चार अवस्था सांगितल्यात: प्रसुप्त (निजलेली), तनु (क्षीण), विच्छिन्न (दुसऱ्या ओढीने तात्पुरती झाकलेली), उदार (पूर्ण जोरात). यातली विच्छिन्न चकवते. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातला चैत्र नावाचा माणूस एका स्त्रीवर आसक्त आहे, म्हणून इतरांविषयी विरक्त झालेला नाही. ती ओढ तेवढ्यापुरती झाकली गेलीय. आपलंही तेच. बढतीच्या मागे लागलो की खाण्याची वासना कमी झाल्यासारखी वाटते. बढती मिळाली की ती परत हजर! छेद कमी झालेलाच नसतो.

ओळखायचं कसं? विषय समोर असताना, आणि दुसरी कुठली ओढ जोरात नसताना बघा. खेच हलकी असेल तर तनु, पूर्वीच्याच जोराची असेल तर झाकलेली होती. घरातून मिठाई हद्दपार करून ही परीक्षा होत नाही.

सूत्र २.१५ ही सोबत वाचावं. भोगताना आसक्ती वाढते ते परिणामदुःख, भोगतानाच अडथळ्याचा आणि गमावण्याचा जाच होतो ते तापदुःख, भोगाचा ठसा उरून पुन्हा तेच मागतो ते संस्कारदुःख. वस्तू नाकारून पहिली दोन टळतील. तिसरं नाही, कारण ठसा आधीच पडलेला असतो. त्यासाठी पतंजली २.१ मध्ये तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान असा क्रियायोग देतात. पुढच्याच सूत्रात त्याचं काम क्लेश 'तनू' करणं असं म्हटलंय. समूळ नाश नव्हे.

काळीमाती
चर्चा छान, पण पोट भरलेल्यांची आहे. पाणवठ्यावर पाणी नाकारलेल्या माणसाला 'छेद कमी कर' म्हणणार? आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७, मरणोत्तर) याच्या प्रस्तावनेत बौद्ध परंपरेतल्या चार आर्यसत्यांवरच (दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत, त्या अंताचा मार्ग) प्रश्न उभा केला: जीवन, मरण, पुनर्जन्म सगळंच दुःख ठरवलं तर धर्म माणसाला काय आशा देणार? माणूस माणसाशी अन्यायाने वागतो, त्यातून येणारं दुःख त्यांच्या मांडणीत केंद्रस्थानी आहे. त्यावर उपाय छेदात नाही. चवदार तळ्यावर १९२७ मध्ये लोक गेले ते तहान आवरायला नव्हे.

उंबरातळी
मान्य. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसने केलेली इच्छांची वाटणी इथे कामाला येते: नैसर्गिक आणि आवश्यक (अन्न, पाणी, निवारा), नैसर्गिक पण अनावश्यक (पंचपक्वान्न), आणि दोन्ही नसलेल्या (कीर्ती, सत्ता). कात्री चालवायची ती मुख्यतः तिसऱ्या गटावर.

काळीमाती
मग प्रतिष्ठा कुठल्या गटात? एपिक्युरस मानसन्मान तिसऱ्यात टाकतो. महाडला प्रश्न पाण्याइतकाच मानाचा होता.

तळटीप
इतरांपेक्षा वरचं स्थान हवं, ते तिसऱ्यात. इतरांइतकंच हवं, ते माझ्या मते पहिल्यात. एपिक्युरसने असा भेद केलेला नाही, ही भर माझी.