वॉर्निंग बंद केल्याने डेटा सुधारतो का?

लॉगवाचक: "पर्लमध्ये टेक्स्ट फिल्टर करताना अनइनिशिअलाइज्ड, म्हणजे न भरलेल्या, व्हॅल्यूच्या वॉर्निंग येतात? स्क्रिप्टच्या डोक्यावर 'नो वॉर्निंग्ज' टाका आणि मोकळे व्हा." हा सल्ला वाचून डोकंच फिरलं. अहो, आधी वॉर्निंग वाचा तरी! नव्या पर्लमध्ये बहुतेकदा व्हेरिएबलचं नाव, शिवाय स्क्रिप्टची ओळ आणि फाइल वाचणं चालू असेल तर शेवटी इनपुटची ओळसुद्धा ती सांगते. ती ओळ उघडून बघा. कधी कॉलम वेगळे करणारे टॅबच कमी असतात. कधी टॅब पुरेसे असतात, पण शेवटचे कॉलम रिकामे, आणि ओळीचे तुकडे करणारं स्प्लिट शेवटची रिकामी फील्ड टाकून देतं. तिथे तिसरं आर्ग्युमेंट उणे एक द्या, फील्ड परत येतात. वॉर्निंग एकच, दुखणी दोन.

पाइपवाला: सल्ला माझा, आणि मी तो मागे घेणार नाही. आमच्या लॉगमध्ये तुटक ओळी रोजच्याच. वॉर्निंगनीच एकदा डिस्क भरली, रात्री उठून मला साफ करावी लागली. अनडेफ, म्हणजे न भरलेली व्हॅल्यू, छापला तर रिकामा, बेरजेत शून्य. बिघडलं कुठे?

लॉगवाचक: सरासरीत बिघडलं! भागताना ती तुटकी ओळही मोजली जाते. चुकीचा आकडा वर जातो आणि कुणाला पत्ता नसतो.

दुहेरी_तिरकी: डिफाइंड-ऑर, म्हणजे दोन तिरक्या दांड्या, वापरा ना; व्हॅल्यू अनडेफ असेल तरच पर्यायी व्हॅल्यू घेतात. पर्ल 5.10 पासून आहे, म्हणजे 2007 पासून. दोन उभ्या दांड्या मात्र नकोत, त्या खरा शून्यही गिळतात.

पाइपवाला: आमच्याकडे 5.8 आहे.

दुहेरी_तिरकी: 5.8 आलं 2002 मध्ये! अजून तेच?

पाइपवाला: बोलणं सोपं आहे. मशीन क्लायंटचं, रूट म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क मिळत नाहीत.

दुहेरी_तिरकी: वेगळं पर्ल बसवणाऱ्या पर्लब्रूला रूट लागत नाही. होम डिरेक्टरीत बसतं.

पाइपवाला: सी कंपायलर लागतो, तो तिथे नाही! मागच्या नोकरीत अपग्रेडनंतर अर्धी मॉड्यूल्स बंद पडली, शिव्या मी खाल्ल्या. तुम्ही नव्हता तिथे.

दुहेरी_तिरकी: मग 'डिफाइंड' लिहून टर्नरी, म्हणजे प्रश्नचिन्ह-कोलनची अट, वापरा, 5.8 मध्येही चालतं. लांबलचक आहे एवढंच.

रेजेक्सकर: अपग्रेडचं भांडण आवरा. वॉर्निंग येतच नाही तो प्रकार जास्त घातक. त्याच ब्लॉकमध्ये आधी रेजेक्सचा (शोधायच्या नमुन्याचा) एक मॅच लागला, पुढचा फसला, तर पकडलेला तुकडा ठेवणाऱ्या डॉलर-एकमध्ये जुनाच तुकडा राहतो. मॅच 'इफ'मध्येच घाला.

पाइपवाला: सरासरीचं मान्य. बंद करायचं ते छपाईच्या ब्लॉकपुरतं, तेही फक्त 'अनइनिशिअलाइज्ड'. पर्ल मात्र बदलणार नाही.

लॉगवाचक: चालेल. तुटक्या ओळी वेगळ्या फाइलीत काढा, सरासरी उरलेल्यांचीच घ्या.