ज्येष्ठांसाठीच्या निवेदनात महापालिका आणि जिल्हा नियोजन समितीकडे नेमके काय मागावे?

जुळे सोलापूरकर

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने येत्या अंदाजपत्रकापूर्वी महापालिका आयुक्तांना आणि जिल्हा नियोजन समितीला निवेदन देण्याचे ठरवले असून मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बैठकीत आलेल्या सूचना विरंगुळा केंद्र, बागेत बाकडी, एक मोठा वृद्धाश्रम आणि सिव्हिलमध्ये स्वतंत्र कक्ष एवढ्यावरच थांबल्या. त्या वावग्या नाहीत. परंतु २०११ च्या जनगणनेतच राज्यातील साठीपुढच्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ गेले होते आणि शिकलेली मुले पुण्या-हैदराबादकडे गेल्यामुळे आमच्याकडे अनेक घरांत केवळ म्हातारा-म्हातारी उरली आहेत, हे पाहता निवेदनात पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विचार असावा असे मला वाटते. शासनाच्या सध्याच्या योजना कोठे अपुऱ्या पडतात आणि त्यांपैकी कोणती उणीव स्थानिक पातळीवर भरून काढता येईल, याविषयी जाणकारांनी लिहावे.

होटगी रोड फिजिओ

सर, सध्याच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव अशी आहे की मोडलेले हाड बसवण्यासाठी पैसे आहेत, ते मोडू नये यासाठी मात्र जवळजवळ काहीच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. ही सोय मोलाची आहे, पण ती रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, श्रवणयंत्र, कवळी, पडल्यानंतर महिनोन्महिने लागणारी फिजिओथेरपी यांचा भार तिने हलका होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्यासाठी ठेवले आहे. त्यामागची भूमिका अशी की वृद्धाला कोणते आजार आहेत यापेक्षा तो स्वतःचे काय काय करू शकतो हे आधी मोजावे. चालणे, पोषण, दृष्टी, श्रवण, स्मृती आणि मनःस्थिती अशा सहा बाबींची प्राथमिक तपासणी त्यांनी सुचवली आहे आणि तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. उदाहरणार्थ, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला सांगतात. त्याला १४ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला, तर पायांची ताकद कमी झाल्याचे समजून पुढची तपासणी करतात. आशाताईंना हे थोड्या प्रशिक्षणात जमू शकेल. म्हणून माझी पहिली मागणी अशी असेल की प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस केवळ ज्येष्ठांसाठी असावा आणि त्या दिवशी औषधांसोबत फिजिओथेरपिस्टही हजर असावा. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी साप्ताहिक क्लिनिक आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आहेच. मात्र त्याची मूळ रचना जिल्हा रुग्णालयापासून खेड्यातल्या उपकेंद्रापर्यंत उतरणारी आहे, त्यामुळे शहरासाठी हीच मागणी वेगळी आणि स्पष्ट लिहावी लागेल.

दुसरी बाब आपल्या उन्हाची. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर चाळीस अंशांपुढच्या तापमानात शरीर लवकर कोरडे पडते. अहमदाबादने २०१३ मध्येच उष्णतेचा कृती आराखडा केला होता. आपल्याकडे निदान मार्चमध्ये ज्येष्ठांच्या गोळ्यांचा फेरआढावा आणि एकट्या राहणाऱ्यांची प्रभागवार यादी एवढे तरी व्हावे. शिवाय बाजारपेठेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसल्याने अनेक वृद्ध स्त्रिया घरून निघताना पाणीच पीत नाहीत, पुढे पुढे तर बाहेर पडणेच सोडतात, आणि चालणे सुटले की बाकीचेही सुटत जाते. बाकड्यांच्या आधी मी स्वच्छतागृहे, कठडे आणि सलग पदपथ मागेन.

निवृत्त अव्वल कारकून

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा बहुतेकांना प्रांताधिकाऱ्यांपुढच्या निर्वाह-रकमेच्या दाव्यापुरताच माहीत असतो. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एका वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे, परंतु तो शासनाच्या इच्छेवर सोडलेला असल्याने त्याच्या आधारे आग्रह धरणे अवघड जाते. कलम २० ची भाषा अधिक ठाम आहे. शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांग, शक्यतो खाटा, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राखीव सुविधा याची जबाबदारी ते राज्यावर टाकते. निवेदनात याच कलमाचा हवाला द्यावा.

आणखी एक. स्थानिक संस्था दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवतात, त्याच धर्तीवर ज्येष्ठांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची वेगळी नोंद, मागावे, मग सुरुवातीची रक्कम लहान असली तरी चालेल. लेखाशीर्ष नसलेल्या कामाला सभेत टाळ्या मिळतात आणि वर्षअखेरीस तरतूद मिळत नाही, हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे.

साखर पेठेतून

चर्चा चांगली चालली आहे, परंतु ती निवृत्तिवेतन असलेल्या आणि स्वतःचे घर असलेल्या ज्येष्ठांभोवती फिरते आहे. सोलापूर हे गिरण्यांचे, यंत्रमागांचे आणि विड्यांचे गाव आहे. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन वाकून बसल्याने पाठ, तंबाखूच्या धुळीने छाती आणि बारीक कामाने डोळे यांची जी अवस्था पन्नाशीत होते, ती कार्यालयात काम केलेल्यांना सत्तरीतही येत नाही. त्यामुळे ‘साठ वर्षांपुढील’ अशी सरसकट अट घालून केलेली तपासणी अशा स्त्रियांपर्यंत दहा वर्षे उशिरा पोहोचते. विडी आणि यंत्रमाग कामगारांची तपासणी पन्नाशीपासून व्हावी, ही मागणी निवेदनात आली नाही तर आमच्या भागाला त्या निवेदनाचा फारसा उपयोग नाही.

पैशाचे म्हणाल तर भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयेच आहे. गरीब वृद्धांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी वय ६५ आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. या रकमेत जगणारे कुटुंब आज सोलापुरात कोठे सापडेल, ते दाखला देणाऱ्यांनीच सांगावे. ही मर्यादा बदलणे महापालिकेच्या हातात नाही हे मला समजते, परंतु जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, तेव्हा त्यांच्यामार्फत राज्याकडे हे पोहोचवण्यास हरकत नसावी.

विड्या वळून बोटांवरच्या रेषा झिजतात, मग हयातीच्या दाखल्याच्या वेळी ठसा उमटत नाही आणि पेन्शन अडते. आता चेहरा दाखवून मोबाइलवरही हा दाखला देता येतो, पण हे सांगायला वस्तीत कोणी येत नाही. विडी घरकुल, कुंभारी किंवा रे नगर अशा कामगार वस्तीत वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या सुमारास, शिबिर घेतले तर कितीतरी हेलपाटे वाचतील. आणि जे काही पत्रक छापाल ते तेलुगू व कन्नडमध्येही छापा. आमच्या अनेक आज्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही.

पुण्यातून, मूळ विजापूर रोड

माझे आई-वडील तिकडेच असतात. वृद्धाश्रमाची मागणी शेवटी ठेवावी असे सुचवतो, कारण बहुतेकांना स्वतःच्या घरातच राहायचे असते. काही दिवसांआड येणारे पाणी भरण्यासाठी बादल्या उचलणे, वीजबिल आणि बँकेची कामे, दवाखान्यात सोबत, अशा किरकोळ गोष्टींवाचून त्यांचे अडते, आणि माझ्यासारखे फोनवरून फक्त चौकश्या करत राहतात. प्रभागनिहाय प्रशिक्षित मदतनीस, माफक शुल्क घेऊन का होईना, मिळाले तर वस्तीतील स्त्रियांनाही काम मिळेल. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, हेही पत्रकात छापावे.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे आभार. साखर पेठेतील ताईंचा मुद्दा आमच्या बैठकीत कोणाच्याही मनात आला नव्हता. मसुद्याचा क्रम आता असा ठेवत आहे: नागरी आरोग्य केंद्रातील साप्ताहिक दिवस आणि विडी-यंत्रमाग कामगारांसाठी पन्नाशीपासून तपासणी सर्वांत वर, त्यानंतर स्वच्छतागृहे व पदपथ, मग उन्हाळ्याची यादी, हयातीच्या दाखल्याची शिबिरे, मदतनीस आणि स्वतंत्र लेखाशीर्ष. वृद्धाश्रम शेवटच्या परिच्छेदात जाईल. विरंगुळा केंद्र मात्र मी काढणार नाही. सभासद मला बैठकीत बसू देणार नाहीत, आणि माणसांत मिसळणे हाही आरोग्याचाच भाग आहे. हे सर्व एकाच निवेदनात द्यावे की वेगवेगळे?

निवृत्त अव्वल कारकून

वेगवेगळे द्यावे. आरोग्य केंद्रांचा विषय आरोग्याधिकाऱ्यांकडे, पदपथ व स्वच्छतागृहे नगर अभियंत्यांकडे आणि उत्पन्न मर्यादेचा विषय जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. एकत्र दिलेला अर्ज ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे तेथील प्रत त्यांच्या नावे करावी. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि वार्षिक आराखड्याचे काम हिवाळ्यातच पुढे सरकत असल्याने दिवाळीनंतर उशीर करू नये.